वन्सं आणि लांब बाह्यांचे टी-शर्ट

आइस्क्रीमच्या कारखान्यात चव बघण्याची नोकरी म्हटलं की लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं. वहिनीच्या अंगावर मात्र काटा यायचा, आणि तोही खराखुरा. कारण आइस्क्रीम चाखायचं म्हणजे ते जिथे साठवतात त्या खोलीत शिरायचं, आणि ती खोली अशी की आत जरा गप्पा मारल्या तर तोंडातून निघालेली वाफ समोरच्याच्या चष्म्यावर जाऊन बसायची.

कारखान्याचा जाडजूड कोट वरून मिळायचा. त्याच्या आत काय घालायचं, हा ज्याचा त्याचा प्रश्न. सुरुवातीला वहिनीने स्वेटर घालून पाहिला, तर कोटाच्या बाहीत हातच शिरेना. शर्ट घालून पाहिला, तर त्याच्या बाह्या कोपराशी गोळा होऊन बसल्या. मग एके दिवशी बाजारात तिला लांब बाह्यांचा साधा सुती टी-शर्ट दिसला. गोल गळा, मनगटाशी घट्ट बसणारी पट्टी, छाती-पाठीवर ना चित्र ना अक्षर. तो कोटात सुळकन गेला, हातमोज्यांच्या आत नीट बसला, आणि सुट्टी झाल्यावर कोट खुंटीला टांगून तशीच ती बाजार करून घरी आली. तिच्या दृष्टीने कपड्यांचा विषय तिथे संपला. तेव्हापासून तिने स्वतःच्या पैशाने दुसरं काही घेतलं म्हणून नाही. पांढरे, राखाडी, काळे, गडद निळे, एक मोहरीच्या रंगाचा, आणि एक निळ्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांचा. हा शेवटचा आपण गडबडीत उचलला, असं ती सांगायची. पण धुवायला तोच सगळ्यात जास्त वेळा पडायचा.

"तुझ्या कपाटात डोळे मिटून हात घातला तरी चालतं," नवरा म्हणायचा. "काहीही निघालं तरी टी-शर्टच निघणार." त्याचं चष्म्यांचं दुकान होतं, त्यामुळे डोळ्यांवरून विनोद करण्याचा हक्क आपल्यालाच आहे असं त्याला वाटे.

हे नवऱ्याने म्हटलं तर वहिनीला हसू यायचं. पण हीच गोष्ट त्याच्या धाकट्या बहिणीच्या तोंडून आली असती तर ती रात्रभर तळमळली असती.

ही धाकटी बहीण, म्हणजे वहिनीची नणंद, घरात चिमी म्हणून ओळखली जाई. मोठ्या शहरात ती जाहिरातीतल्या माणसांना कपडे घालण्याचं काम करायची. म्हणजे कोणी काय घालावं, कशावर काय घालावं, हे ठरवायची. ती स्वतः रस्त्याने चालू लागली की असं वाटे, दुकानाची काच फोडून एखादी बाहुली बाहेर पडलीय. वहिनीचं आणि तिचं भांडण कधी झालं नव्हतं. भांडण व्हायला माणसं थोडी तरी जवळची लागतात. या दोघींचं सगळं कसं अगदी रीतसर चालायचं. चिमी "वहिनी, तू" म्हणायची आणि वहिनी "वन्सं, तुम्ही" म्हणायची. हा "वन्सं" शब्द आजकाल कुणी वापरत नाही, म्हणूनच वहिनीने तो शोधून काढला होता. त्यात मानही होता आणि मधे एक टेबल ठेवल्यासारखं अंतरही होतं.

त्याला कारण होतं. वहिनी नवी नवी घरात आली होती तेव्हाची गोष्ट. नणंद पहिल्यांदाच भेटायला येणार म्हणून वहिनीने कोरा करकरीत काळा टी-शर्ट इस्त्री करून घातला होता, गळ्यात मोत्यांची माळ घातली होती, आरशात तीनतीनदा पाहिलं होतं. नणंदेने दारातूनच हाक दिली, "अगं वहिनी, आत्ताच कामावरून येतेयस का? जा, जा, कपडे बदलून घे निवांत, आम्ही थांबतो!" वहिनी आत गेली. पलंगावर जरा वेळ बसून राहिली. मग कुठलातरी फुलाफुलांचा झगा घालून बाहेर आली आणि म्हणाली, "या ना वन्सं, बसा."

पुढे दर वाढदिवसाला शहरातून एक सुंदर डबा यायचा. त्यात कधी जाकीट, कधी बिनबाह्यांचा झगा, कधी पाठीला खिडकी ठेवलेलं काहीतरी. वहिनी फोन करून म्हणायची, "फारच छान आहे हो वन्सं, मापात बसलं अगदी," आणि ते वरच्या फळीवर जायचं. चिठ्ठीसकट, घडीसकट.

तर या चिमीचा एकदा शनिवारी सकाळी फोन आला. गावातल्या वाचनालयाने रविवारी सकाळी तिचा कार्यक्रम ठेवला होता: रोजचे कपडे नव्या पद्धतीने कसे घालावेत. भिंतींवर कागद लागले होते, त्यावर तिचा फोटो होता. दुपारच्या बसने ती येणार होती आणि मुक्काम अर्थातच भावाकडे.

ती आली. तिच्यामागून चाकांची भलीमोठी काळी बॅग आली. सासूबाईंना मिठी मारून झाली, भावाच्या पोटावर चापट मारून झाली, वहिनीला "कशी आहेस?" विचारून झालं. मग तिने पलंगावर बॅग टाकली, उघडली, आणि ती किंचाळली.

आत एक शिट्टी होती. मातीने भरलेले बूट होते. काळी अर्धी चड्डी होती, गुडघ्यापर्यंतचे मोजे होते, आणि एका खिशात एक पिवळं आणि एक लाल कार्ड.

"बसवाल्याने बॅग बदलली," नवरा म्हणाला. त्याने लाल कार्ड उचलून बहिणीसमोर धरलं. "तू बाद."

"दादा, गप्प बस!"

बॅगेच्या झाकणात एक फोन नंबर लिहिलेला होता. चिमीने तो लावला. पलीकडच्या माणसाने "हॅलो" म्हणण्यात वेळ घालवला नाही.

"माझ्या बॅगेत पिसांचा कोट कुणी ठेवला?"

"तो माझा कोट आहे. तुमची बॅग माझ्याकडे आलीय."

"अहो बाई, संध्याकाळी माझा फुटबॉलचा सामना आहे! मी पंच आहे, पंच! आता मी सोनेरी टिकल्यांची पँट घालून मैदानात उतरू का?"

"कोटाबरोबर टिकल्या नका घालू," चिमी सवयीने म्हणाली, "दोन्ही एकदम फार होईल." मग आपण काय बोललो हे तिच्या ध्यानात आलं आणि तिने कपाळावर हात मारला.

पंच बसच्या शेवटच्या थांब्यापर्यंत गेला होता. सामना झाल्यावर परतीची बस नव्हती. उद्या सकाळच्या बसने निघतो, वाचनालयाशी उतरून बॅग देतो, पण कार्यक्रम सुरू व्हायच्या आत पोचेनच असं काही सांगता येणार नाही, असं तो म्हणाला. फोन ठेवण्याआधी त्याने विचारलं, "आणि ते तपकिरी कापड नुसतंच आहे, का त्यात डोकं घालायचं असतं?"

चिमी पलंगाच्या कडेला बसली. एवढी मोठी बाई, पण ओठ बाहेर काढून बसली तेव्हा वहिनीला प्रथमच ती कुणाची तरी धाकटी बहीण वाटली.

"मी कॉफी टाकते," वहिनी म्हणाली, आणि स्वयंपाकघरात गेली. तिथे चिमीचे पुढचे शब्द तिच्या कानावर पडले आणि हातातलं भांडं तसंच राहिलं.

"मी तुला इतकं काय काय पाठवलंय गं वहिनी! त्यावरच उद्याचं निभावून नेते. कपाट उघडते हं!"

वहिनी धावली. आयुष्यात कधी धावली नव्हती अशी धावली. "थांबा वन्सं, पसारा आहे, मी काढून देते, तुम्ही बसा—" पण तोवर कपाटाचं दार उघडलं होतं आणि चिमी टाचा उंचावून वरच्या फळीवरून डबे खाली काढत होती.

पहिल्या डब्याची फीतसुद्धा सुटलेली नव्हती. दुसरा उघडलेला होता, पण किमतीची चिठ्ठी दोऱ्याने लोंबत होती. तिसऱ्यालाही. चौथ्यालाही. चिमी एकेक चिठ्ठी बोटात धरून पाहत गेली. वहिनीला वाटलं, त्यापेक्षा ओरडली असती तर बरं.

"एकदाही?" चिमीने शेवटी विचारलं.

"कुठे घालणार मी हे, वन्सं? बर्फात काम करते मी. बाह्याच नाहीत कशाला."

"मग फोनवर 'मापात बसलं' का म्हणायचीस?"

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून."

"आणि आता काय वाटतंय मला?"

वहिनीचा आवाजही चढला. "आणि मला काय वाटलं होतं, ते? पहिल्या दिवशी? मी तुमच्यासाठी नटून बसले होते. मोत्यांची माळ घालून! आणि तुम्ही दारातून म्हणालात, कामावरून आलीस का, जा कपडे बदल!"

चिमीने हातातला डबा खाली ठेवला. "मी असं म्हणाले?"

"म्हणालात."

"मला काही म्हणजे काही आठवत नाही."

"मला आठवतं."

बाहेरच्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला. "अगं, भांडायचं तर जरा मोठ्याने भांडा! मला अर्धंच ऐकू येतंय!"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. आधी चिमीचा खांदा हलला, मग वहिनीचा, आणि मग दोघीही डब्यांच्या ढिगात बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. त्यातलं काही पाणी हसण्याचं नव्हतं, पण कुठलं कुठलं ते दोघींपैकी कुणी वेगळं काढत बसलं नाही.

"मला वाटायचं, तुला मी आवडत नाही," चिमी नाक पुसत म्हणाली. "म्हणून दर वेळी आधीपेक्षा भारी काहीतरी पाठवायचे. म्हटलं, या खेपेला तरी वन्सं म्हणायचं बंद करशील."

इतकी वर्षं ते डबे हातात पडताना वहिनीला प्रत्येक वेळी वाटायचं की नणंद पुन्हा एकदा सांगतेय, जा, कपडे बदलून ये. डबे बोलत होते वेगळंच, आणि ऐकू येत होतं भलतंच.

चिमी उठली. कपाटात आता वरची फळी रिकामी होती आणि खालच्या दोन फळ्यांवर टी-शर्ट होते, विटा रचाव्यात तसे. तिने एक काढून झटकला. उजेडात धरला. बाही ओढून पाहिली. दुसरा काढला. तिसरा काढला. मग तिचा चेहरा तसा झाला, जसा वहिनीचा चांगली चव जिभेवर आल्यावर व्हायचा.

"वहिनी, हे घेताना तू काय बघतेस?"

"काय बघायचंय त्यात? खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर पाहिजे. खाली उतरली की कोटात चोळामोळा होतो. बाही मनगटाच्या हाडाला टेकली पाहिजे. हात वर केला तरी पोट उघडं पडता कामा नये, गारठा तिथूनच शिरतो. आणि कापड इतकं पातळ नको की आतलं दिसेल, आणि इतकं जाड नको की आपण उशी वाटू."

"बस," चिमी म्हणाली. "उद्याचा कार्यक्रम ठरला. इकडे ये."

तिने ढिगातून विटकरी रंगाचा बिनबाह्यांचा झगा ओढला. तिसऱ्या का चौथ्या वाढदिवसाला आलेला. कात्रीने चिठ्ठी कापली आणि वहिनीच्या हातात एक पांढरा टी-शर्ट ठेवला. "आधी हा. त्यावरून झगा."

"टी-शर्टवरून झगा? लहान मुलींसारखा?"

"घाल तर."

वहिनीने घातला. चिमीने टी-शर्टच्या बाह्या हाताने थोड्या वर सरकवल्या, कोपराच्या जरा खाली आणून सोडल्या, दुमडल्या नाहीत. स्वतःच्या कमरेचा पट्टा काढून वहिनीच्या कमरेला बांधला, सैलसर. मग खांद्याला धरून तिला आरशाकडे वळवलं.

आरशात वहिनीच होती. तेच हात, तोच गोल गळा, रोजचाच पांढरा रंग. परकं काहीच नव्हतं. पण दुधी भिंतीला खिडकी पाडावी तसं सगळं उजळलं होतं. वहिनीने एक हात वर करून पाहिला. पोट झाकलेलं होतं. गारठा कुठूनच शिरला नसता.

"चिमे," तिच्या तोंडून निघून गेलं, "अगं, हे तू मला आधी का नाही सांगितलंस?"

वहिनीने जीभ चावली. चिमी खाली वाकून पट्टा पुन्हा पुन्हा सारखा करत राहिली, जरुरीपेक्षा बराच वेळ.

मग काय विचारता, अख्खं घर कामाला लागलं. पलंग दिसेनासा झाला. काळ्या टी-शर्टवर लोकरी जाकीट घालायचं, तर बाहीची पट्टी जाकिटाच्या बाहेर बोटभर डोकावली पाहिजे. पूर्ण आत गेली तर जाकीट उसनं आणल्यासारखं वाटतं, हे चिमीने दाखवलं. मोहरीच्या टी-शर्टवर नवऱ्याचा निळा शर्ट बटणं उघडी टाकून घातला तर शर्टचं जाकीट होतं. गडद निळ्या टी-शर्टच्या आत कॉलरचा सदरा घातला आणि कॉलर तेवढी बाहेर काढली तर माणूस बँकेत कर्ज मागायला गेल्यासारखा नव्हे, कर्ज द्यायला बसल्यासारखा दिसतो, असं नवऱ्याचं मत पडलं. त्याला राखाडी टी-शर्ट मिळाला, त्याच्याच दुकानाशेजारून आणलेल्या वेगवेगळ्या मापांच्या चार-पाच नव्या टी-शर्टांतला. त्याने तो सवयीने सगळीकडून पँटमध्ये खोचला.

"दादा, तू आहेस का गादी आहे? पुढून थोडासा खोच. बाजूने सोड. मागून सोड."

"अर्धवट?"

"अर्धवटच. मुद्दाम अर्धवट."

सासूबाई सगळं पाहत खुर्चीत बसल्या होत्या. त्यांचे पायघोळ झगे होते, सगळे अर्ध्या बाहीचे, आणि वर्षातले आठ महिने त्या हात चोळत बसायच्या. त्यांनी काठीने पट्ट्यापट्ट्यांच्या टी-शर्टकडे बोट केलं. "तो मला द्या. झग्याच्या आत घालते."

"आई, पट्टे?" नवरा म्हणाला.

"लहानपणी मी काय कमी पट्टे घातलेत?," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी तो घातला तेव्हा मानेजवळ आणि हातांवर पट्टे दिसायला लागले, आणि काळपट झग्यातली म्हातारी एकदम बोटीवरच्या कप्तानासारखी दिसू लागली. त्यांनी तो पुढे झोपतानाही काढला नाही.

रविवारी सकाळी वाचनालयाचं सभागृह भरलं. पुढे बायका, मागे त्यांनी ओढून आणलेले पुरुष. पडद्यामागे वहिनी फटीतून रांगा मोजत होती. माणसांसमोर चालायचं, वळायचं, उभं राहायचं! कारखान्यात तिला कुणी पाहत नसे. सगळ्यांचं लक्ष चमच्याकडे.

तेवढ्यात मागच्या दाराने एक घामाघूम झालेला उंच माणूस चाकांची काळी बॅग ओढत आत आला. अंगावर दोन मापं लहान अशी खेळाडूची बंडी होती, तिच्या पाठीवर "गोलरक्षक" असं लिहिलेलं होतं. तो पंच होता.

"बॅग आणली," तो म्हणाला. "पिसांना हात लावला नाही. शपथ."

चिमीने बॅगेकडे पाहिलं. त्यात तिचे महिनाभर जमवलेले कपडे होते, एकेक टाचणीनिशी तयार. तिने वहिनीकडे पाहिलं. वहिनीच्या चेहऱ्यावर जे काही होतं ते तिने ओळखलं.

"वहिनी," ती हळूच म्हणाली, "आता तुला जायलाच हवं असं नाही. वाचनालयातल्या दोन मुली आहेत, त्या यातले कपडे घालतील. खरंच. मला राग येणार नाही."

सुटकेचा निःश्वास वहिनीच्या ओठांपर्यंत आला. हो म्हटलं असतं तर ती आत्ता पहिल्या रांगेत बसून आरामात टाळ्या वाजवू शकली असती. तिने राखाडी बाही वर सरकवली. ती खाली आली, तिने पुन्हा सरकवली.

"नाही," ती म्हणाली. "मी तयार झालेय ती झालेय. मी चालणार."

"नक्की?"

"तू बोलायला लाग गं. नाहीतर मी पळून जाईन."

चिमीने बॅग भिंतीशी ढकलून दिली आणि पडदा बाजूला करून बाहेर गेली.

ती म्हणाली, की तिने आणलेले कपडे रस्ता चुकले होते, आता सापडलेत, पण ते ती दाखवणार नाही. ती एकच कपडा दाखवणार आहे, जो इथे बसलेल्या प्रत्येकाकडे एक तरी असेल, नसेल तर गल्लीतल्या कुठल्याही दुकानात मिळेल. आणि मग वहिनी बाहेर आली. नुसता राखाडी टी-शर्ट आणि साधी काळी पँट. चिमीने गळ्यात एक लांब रुमाल टाकला, सैल गाठ मारली. बाहेर जायचे कपडे झाले. रुमाल काढून वर जाकीट घातलं. नोकरीच्या मुलाखतीचे कपडे झाले. वहिनी आत जाऊन विटकरी झगा आणि पांढरा टी-शर्ट घालून आली तेव्हा तिसऱ्या रांगेतून कुणीतरी "अय्या!" म्हणालं. वहिनी चालायची विसरली आणि मधेच थांबून "थँक्यू" म्हणाली. लोक हसले. ते हसणं इतकं आपुलकीचं होतं की उरलेली फेरी तिने कुणी न सांगताच पूर्ण केली.

नवरा आला आणि बहिणीने सांगितलं होतं त्याच्या बरोब्बर उलट, मागून खोचलेला आणि पुढून सुटलेला आला. सासूबाई आल्या, काठी टेकत, सावकाश. आणि आल्या त्या गेल्याच नाहीत. मंचावर खुर्ची होती, तिच्यावर बसल्या. "इथून सगळं नीट दिसतंय," म्हणाल्या.

मग प्रश्न विचारायची वेळ आली. दुसऱ्या रांगेत बसलेली एक चांगली धिप्पाड बाई उभी राहिली. ती शाळेत खेळ शिकवायची, आवाजावरूनच कळलं. "हे सगळं मापात असलेल्या लोकांना ठीक आहे हो. माझ्यासारखीने टी-शर्ट घातला की पोट आधी पोचतं आणि मी मागून. त्याचं काय?"

सभागृह हसलं, पण ती बाई हसली नाही. चिमी उत्तर द्यायला पुढे झाली, तर तिच्या हातातला माईक वहिनीने घेतला होता. कसा घेतला, हे वहिनीलाही सांगता आलं नसतं.

"मी रोज आइस्क्रीम खाते," वहिनी म्हणाली. "आवड म्हणून नाही, पगार मिळतो त्याचा. तेव्हा पोटाचं तुम्ही मला सांगू नका. तुम्ही वर या."

शिक्षिका वर आली. वहिनीने तिच्या खांद्याकडे पाहिलं. तिने घातलेला टी-शर्ट एका मापाने लहान होता, ताणून बसलेला. नवऱ्याच्या दुकानाशेजारून आणलेल्यातला एक काळा, मोठ्या मापाचा, वहिनीने तिला पडद्यामागे घालायला दिला. ती बाहेर आली तशी त्यावर नवऱ्याचा निळा शर्ट बटणं उघडी टाकून चढवला. बाह्या दोन्हींच्या एकदम धरून वर सरकवल्या.

"लहान मापाने आपण लहान होत नाही हो," वहिनी म्हणाली. "नुसता श्वास अडकतो. खांद्यावर शिवण बसली ना? मग खाली काय असेल ते असू दे. ते आपलंच आहे."

शिक्षिकेने खाली वाकून स्वतःकडे पाहिलं, मग समोर बसलेल्या मैत्रिणीकडे पाहिलं. मैत्रिणीने दोन्ही अंगठे वर केले. शिक्षिका सरळ उभी राहिली, हात कमरेवर ठेवले, आणि खेळाच्या मैदानावर असल्यासारखी मोठ्याने म्हणाली, "हा मी परत देणार नाही!"

टाळ्या थांबेनात. मागच्या रांगेत पंच उभा राहून शिट्टी वाजवत होता. त्याची बॅग त्याला मिळाली होती. कार्यक्रम संपल्यावर चिमीने त्यालाही सोडलं नाही. ती गोलरक्षकाची बंडी काढायला लावून त्याला काळा लांब बाह्यांचा टी-शर्ट दिला. त्याने आरशात पाहिलं आणि म्हणाला, "पण हे तर माझ्या कामाच्या कपड्यांसारखंच आहे."

"कामाच्या कपड्यांना नावं ठेवायची नाहीत," चिमी म्हणाली, आणि वहिनीकडे न बघता पुढे म्हणाली, "मी एकदा ठेवली होती. फार महागात पडलं."

चिमी रविवारीच परत जाणार होती, ती गेली नाही. सोमवारी वहिनीबरोबर कारखाना बघायला निघाली. वहिनीने तिला दारातच थांबवून आधी राखाडी टी-शर्ट घालायला लावला, त्यावर कोट चढवला, बाहीची पट्टी हातमोज्यात नीट कोंबली, आणि मोठी जाड टोपी कपाळापर्यंत ओढली. चिमीने खिडकीच्या काचेत स्वतःला पाहिलं. गवताच्या गंजीला डोळे फुटल्यासारखं ध्यान दिसत होतं.

"कशी दिसतेय मी?" तिने विचारलं.

"भयंकर," वहिनी म्हणाली. "पण थंडी वाजणार नाही."

आतल्या खोलीत वहिनीने एका डब्याचं झाकण काढलं. नवा प्रकार होता, काळ्या द्राक्षांचा. मोठे साहेब त्याच्यावर फार खूश होते आणि पुढच्या आठवड्यात तो दुकानांत जाणार होता. वहिनीने चमचा भरून नणंदेपुढे धरला. चिमीने तो तोंडात घातला. डोळे मिटले. उघडले. वहिनीकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, पुन्हा वहिनीकडे पाहिलं.

"वहिनी, खरं सांगू?"

"खरंच सांग."

"साबण खाल्ल्यासारखं वाटतंय गं."

वहिनी इतकी मोठ्याने हसली की बाहेर डबे भरणाऱ्या बायका काचेशी येऊन डोकावल्या. "मलाही पहिल्या दिवसापासून तेच वाटतंय!" ती म्हणाली, आणि नणंदेचा कोटातला जाडजूड हात धरून तिला दाराकडे ओढू लागली. "चल, साहेब अजून जागेवर असतील. तू सांग. मी तुझ्या शेजारी उभी राहते."